इंग्लंडच्या खेड्यातल्या पबमध्ये मुक्काम : आई-बाबांना घेऊन जावं का?

वळवाचा_पाऊस
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे मँचेस्टरला येत आहेत. त्यांना यॉर्कशायर डेल्स, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या डोंगरदऱ्या, दाखवायचं ठरलंय. हायवेच्या कडेच्या ठोकळेबाज हॉटेलात राहण्यापेक्षा एखाद्या खेड्यातल्या जुन्या पबच्या माडीवर खोल्या असतात, तिथे दोन रात्री राहावं असं नवऱ्याचं म्हणणं. मलाही मनापासून आवडलंय. पण बाबा दारूला शिवत नाहीत, आई पूर्ण शाकाहारी, आणि 'पब' म्हटलं की दोघांच्या डोळ्यांपुढे स्टेशनबाहेरचा अंधारा परमिट रूम उभा राहतो. माझा पाच वर्षांचा मुलगाही बरोबर असेल.

तर प्रश्न असे : वातावरण घरच्यांना घेऊन जाण्यासारखं असतं का? आईला खायला काय मिळेल? रात्री खालच्या गोंगाटात झोप लागेल का? आणि डेल्समध्ये नेमकं कुठे राहावं?

लीड्सकर
बिनधास्त न्या. खेड्यातला पब म्हणजे गावाची बैठकीची खोली. शेतकरी, कुत्रे, डोंगर चढून आलेले चिखलाच्या बुटांचे लोक, आजीआजोबा, पोरंटोरं सगळे असतात. अर्धे लोक चहा-कॉफी पीत बसलेले दिसतील. दारू न घेणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मुलांचं म्हणाल तर सोळा वर्षांखालच्यांना मोठ्यांबरोबर आत येता येतं. काही पब रात्री आठ-नऊनंतर मुलांना बारच्या खोलीत बसू देत नाहीत, तेवढं आधी विचारून घ्या.

पोटोबा
खाण्याबद्दल मी सांगतो, कारण यॉर्कशायरमध्ये एक गोष्ट शाकाहारी माणसाला कुणी आपणहून सांगत नाही. इथे चिप्स (म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज) पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात. मेन्यूवर नुसतं 'चिप्स' लिहिलेलं असतं, आणि आपण समजतो बटाटा आहे, काय बिघडलं! यॉर्कशायर पुडिंगही (गोड नव्हे, पिठाची फुगलेली वाटी असते) बऱ्याचदा त्याच चरबीत भाजतात. सगळीकडे असंच असतं असं नाही, पुष्कळ पब आता तेल वापरतात. पण बारवर स्पष्ट विचारायचं : 'चिप्स कशात तळता?' ते खरं सांगतात, कारण ॲलर्जीमुळे त्यांना अशा प्रश्नांची सवय असते. सूपही कशाच्या रशात केलंय ते विचारा. गोडात वाफवलेली पुडिंगं असतील तर 'सुएट' आहे का ते बघा, तीही चरबीच.

काकूंसाठी सुरक्षित म्हणजे चीज, ब्रेड, लोणचं, सफरचंद असं ताट, 'प्लाउमन्स लंच'. त्यातलं ब्राउन लोणचं आपल्या लोणच्यापेक्षा गोडसर असतं. शिवाय भाज्यांचा किंवा मशरूमचा 'पाय' (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला), जॅकेट पोटॅटो म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी एखादी करी. रविवारी सगळीकडे भाजलेल्या मांसाचं 'रोस्ट' जेवण असतं, त्याऐवजी शाकाहाऱ्यांना नट रोस्ट, म्हणजे दाणे-सुकामेव्याची भाजलेली वडी. शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग घ्याच. खजुराचा मऊ केक आणि वर गरम टॉफीचा सॉस. अंडं चालत असेल तर काकू दुसरं मागतील.

गवती_चहा
@पोटोबा, प्लाउमन्स लंचबद्दल एक गंमत. नांगरणारे शेतकरी ब्रेड-चीज-बिअर खायचे हे जुनंच, पण या नावाने मेन्यूवर ते आणलं चीज विकणाऱ्यांनी. महायुद्धानंतरचं रेशनिंग 1954 मध्ये संपलं आणि लोकांनी पुन्हा चीज खावं म्हणून ते पबमधून खपवायची मोहीम झाली. साठच्या दशकात मिल्क मार्केटिंग बोर्डाने ते देशभर नेलं. ताट मात्र झकास असतं, आणि डेल्समध्ये असाल तर हॉजचं वेन्सलीडेल चीज त्यात मागून घ्या.

सरळमार्गी
मी वेगळं मत मांडतो. वडीलधाऱ्यांना दारूच्या दुकानाच्या वर झोपवायचं कशासाठी? त्याच पैशात चांगलं बी-अँड-बी (खोली आणि नाश्ता देणारं घरगुती निवासस्थान) मिळतं. तिथे यजमान घरच्यासारखी चौकशी करतात, सकाळी नाश्ता, रात्री शांतता. पबमधल्या खोल्यांचे दर हल्ली हॉटेलाएवढे, आणि खोली म्हणजे तिरपी जमीन, करकरणारा जिना, गार न्हाणीघर. आम्ही एका ठिकाणी (नाव देत नाही) रात्री साडेअकरापर्यंत खालच्या मंडळींची गाणी ऐकली. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला अरुंद जिन्यावरून चढताना पाहून मला वाईट वाटलं.

लीड्सकर
@सरळमार्गी, जिन्याचा मुद्दा अगदी बरोबर. लिफ्ट जवळजवळ कुठेच नसते. पण अनेक पबांनी मागच्या तबेल्याच्या जागी तळमजल्यावर खोल्या काढल्यात. बुकिंग करताना 'अंगणातली, तळमजल्याची खोली' मागायची, म्हणजे जिनाही नाही आणि गोंगाटही नाही. शुक्रवार-शनिवार टाळून सोमवार ते गुरुवार गेलात तर गाणीही नसतात.

पण दारूचं दुकान हे पटत नाही. दुकानात माणूस घेतो आणि जातो. इथे लोक बसायला येतात.

जुनाखोंड
अगदी. आणि मुक्काम हा तर या जागांचा मूळ धंदा. 'इन' म्हणजे वाटसरूला जेवण, निजायला जागा आणि घोड्याला चारा देणारं घर. अठराव्या शतकात घोडागाड्यांचा काळ होता. 1784 मध्ये ब्रिस्टल-लंडन डाकगाडी सुरू झाली. मोठ्या रस्त्यांवर काही मैलांगणिक घोडे बदलायची ठाणी असत. जुन्या इनच्या दर्शनी भिंतीत उंच कमान दिसते ना, ती गाडी सरळ आत अंगणात नेण्यासाठी. रेल्वे आली आणि त्यातल्या पुष्कळ इनांचा कणा मोडला. ज्या उरल्या त्यांत आज तुमचे आई-बाबा राहणार.

याला कायद्याचीही बाजू आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे इनवाल्याला सबळ कारणाशिवाय वाटसरूला नाही म्हणता येत नाही. खोली रिकामी आहे, माणूस पैसे द्यायला तयार आहे, तर जागा दिलीच पाहिजे. याच तत्त्वावर वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी लंडनच्या एका हॉटेलावर खटला भरला. 1943 मध्ये त्यांना रंगावरून तिथे राहू दिलं नव्हतं. वंशभेदाविरुद्ध कायदा तेव्हा अस्तित्वातच नव्हता, पण 1944 मध्ये ते जिंकले, इनवाल्याचं कर्तव्य मोडलं या मुद्द्यावर. भरपाई मिळाली अवघे पाच गिनी, पण निकाल कायमचा राहिला. खेड्यातल्या इनमध्ये चावी हातात घेताना मला हे नेहमी आठवतं.

वळवाचा_पाऊस
@जुनाखोंड, कॉन्स्टंटाइनची गोष्ट बाबांना आजच फोनवर सांगितली. ते क्रिकेटचे भक्त आहेत. त्यांचा पहिला प्रश्न, 'मग आपल्याकडे बघत राहतील का रे तिथे?' हा प्रश्न मला विचारायला जड जात होता, आता विचारतेच. आम्ही खोलीत एकटेच सावळे असू. कसं वाटतं?

बर्मिंगहॅमची_सून
ताई, प्रामाणिकपणे सांगते. दार उघडल्यावर पाच-सात माना वळतात. खेड्यात कुणीही परका आला की वळतात, लंडनचा गोरा आला तरी. आपण 'हॅलो' म्हणून सरळ बारपाशी जायचं, दारात घुटमळायचं नाही. बहुतेक वेळा दोन मिनिटांत कुणीतरी हवामानावर बोलायला लागतं. क्वचित एखादी जागा थंड वाटते, तिथे एक पेय घेऊन निघायचं. पण बाबांचा प्रश्न उगाच नाही. साठच्या दशकात माझ्या सासरच्या भागात, स्मेदिक-वेस्ट ब्रॉमिचकडे, कितीतरी पबांत आशियाई आणि कॅरिबियन माणसांना आत घेत नसत किंवा वेगळ्या खोलीत बसवत. 1965 च्या रेस रिलेशन्स कायद्याने ते बेकायदा ठरवलं. पुढे ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांनी तेच पब चालवायला घेतले. आज त्यांना 'देसी पब' म्हणतात. एका हातात बिटर बिअरचा ग्लास, समोर तंदुरी मिक्स्ड ग्रिलची चरचरती प्लेट, आणि शेजारच्या टेबलावर गोरे म्हातारे डॉमिनोज खेळतायत. माझे सासरे त्या पिढीचे. त्यांच्यासाठी पबमध्ये जाऊन बसणं ही कमावलेली गोष्ट आहे, आणि म्हणून मीही हक्काने बसते.

रानवाटा
प्रतिसाद फार आवडला, @बर्मिंगहॅमची_सून.

मी डोंगर चालणाऱ्यांपैकी, म्हणून 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर देतो. आई-बाबांना लांब चालणं नको असेल तर सेटल-कार्लाइल रेल्वे पकडा. रिबलहेडला उतरलात की 24 कमानींचा दगडी पूल समोर आणि स्टेशनाला लागून स्टेशन इन. गाडी चालवायची चिंताच नाही. डेंट गाव सुंदर आहे, पण नकाशावर 'डेंट' स्टेशन बघून फसू नका. ते इंग्लंडमधलं मुख्य मार्गावरचं सर्वात उंचावरचं स्टेशन आहे आणि गाव तिथून चारेक मैल खाली!

सर्वात उंच पबचं म्हणाल तर टॅन हिल इन, 528 मीटर. चहूबाजूंनी नुसता माळ, पेनाइन वे ही पायवाट दारावरून जाते. नोव्हेंबर 2021 च्या आर्वेन वादळात तिथे 61 लोक बर्फामुळे तीन रात्री अडकले होते. ओएसिस या इंग्लिश रॉक बँडची गाणी वाजवायला आलेला एक बँडही त्यांच्यातच. सगळ्यांनी मिळून क्विझ, कॅरिओकी, जेवणं केली आणि निघताना एकमेकांच्या गळ्यात पडले. पब म्हणजे काय ते यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

मांडवीकाठ
वाचताना आमच्या गोव्यातली तावेर्न आठवली. लाकडी बाक, भिंतीवर क्रॉस, कोपऱ्यात फेणीचा गराफांव (काचेचा मोठा बुधला), संध्याकाळी गावाच्या गप्पा. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर ताजा हुर्राक मिळतो, काजूच्या पहिल्या धारेचा, लिमका घालून. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण तावेर्नी मात्र एकेक करून बंद होतायत. तिथे मुक्काम नसतो हा फरक, पण गाव तिथेच भेटतो.

सरळमार्गी
@मांडवीकाठ, तावेर्नीत तुम्ही आईला घेऊन बसता का?

मांडवीकाठ
माझी आजी तावेर्न चालवायची.

हिशेबनीस
:) विषयाकडे वळूया. व्यवहाराच्या गोष्टी, ज्या नवख्याला अडतात :

बहुतेक पबांत टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येत नाही. टेबलाचा नंबर बघायचा, बारवर जाऊन सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. बारवर टीप लागत नाही. वाटलंच तर वाढणाऱ्याला 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणायचं, तो एका पेयाचे पैसे बिलात धरतो. मित्रमंडळी असतील तर आळीपाळीने सगळ्यांची फेरी आणायची. आपली फेरी आली की उठायचं, याला फार महत्त्व आहे.

स्वयंपाकघराच्या वेळा हा सगळ्यात मोठा फास. दुपारी दोन-अडीचला बंद, संध्याकाळी सहाला सुरू, साडेआठ-नऊला पुन्हा बंद. आपण पुण्याच्या सवयीने नऊ वाजता जेवायला उतरलो की हातात बटाट्याचे वेफर्स येतात. काही पब सोमवारी किंवा दुपारी तीन ते सहा दारच लावून घेतात, म्हणजे खोलीची चावी द्यायलाही कुणी नसतं. वेगळं रिसेप्शन नसतं, चावी बारवरच मिळते. त्यामुळे किती वाजता पोहोचणार ते फोन करून सांगा. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, तेव्हा फोन निघण्याआधी करा.

पोटोबा
आणि सकाळच्या नाश्त्याला आदल्या रात्रीच 'व्हेजिटेरियन' सांगून ठेवा. मग वेगळ्या तव्यावर मशरूम, टोमॅटो, बीन्स, हॅश ब्राउन आणि व्हेज सॉसेज देतात. ब्लॅक पुडिंग नावाची काळी चकती आली तर ती रक्ताची असते.

गवती_चहा
पिण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! पावसाताईंच्या नवऱ्यासाठी लिहिते. खेड्यातल्या पबमध्ये जाऊन बाटलीतली लागर (आपल्याकडे मिळते तशी थंडगार, फिकी बिअर) मागू नये. बारवर लाकडी मुठीचे उंच हँडपंप दिसतील, ती 'कास्क एल', म्हणजे पिंपातली बिअर. तळघरातल्या पिंपात यीस्ट जिवंत असतं, तिथेच ती शेवटची मुरते. हातपंपाने ओढून वर येते, बाहेरून गॅस भरलेला नसतो. 11 ते 13 अंशांना देतात, म्हणून आपल्याला पहिल्या घोटात 'गरम' वाटते. थंडगार असती तर ती चव लागलीच नसती. पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबते. म्हणून जिथे गिऱ्हाईक नाही तिथे ही बिअर चांगली मिळूच शकत नाही. पबचा मालक तळघराची किती काळजी घेतो ते एका ग्लासात कळतं.

साठ-सत्तरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गॅसवाली बिअर सगळीकडे घुसवली तेव्हा ही पद्धत मरायला टेकली होती. 1971 मध्ये 'काम्रा' ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि तिने ती वाचवली. पिण्यासाठी का असेना, ग्राहक संघटित झाले की काय होतं याचं उदाहरण आहे.

पाइंट म्हणजे 568 मिली, पण अर्धा पाइंट मागायला काही लाज नाही. आधी चाखून बघायचं असेल तर विचारा, घोटभर देतात.

लीड्सकर
+१. फक्त एक राहिलं : उत्तरेत पंपाच्या तोंडाला जाळीची चकती लावतात, त्यामुळे वर घट्ट साईसारखा फेस येतो. दक्षिणेत ग्लास सपाट. दक्षिणेतली बिअर मला पाण्यासारखी दिसते.

गवती_चहा
आणि दक्षिणेतल्यांना उत्तरेत फेसाचे पैसे द्यावे लागतात असं वाटतं. मी केंटमध्ये राहते, तेव्हा वाद नको :)

हिशेबनीस
शाकाहारी आणि पिणाऱ्यांसाठी : कास्क एल स्वच्छ दिसावी म्हणून पारंपरिक पद्धतीत 'आयसिंग्लास' घालतात. ते माशाच्या वाताशयापासून करतात. श्रावण पाळून बिअर पिणारे माझे मित्र आहेत, त्यांना हे सांगितल्यावर बराच वेळ शांतता होती. हल्ली 'अनफाइन्ड' किंवा व्हेगन असं लिहिलेली बिअर मिळते, ती मागावी.

आणि गाडी चालवणाऱ्याने लाइम अँड सोडा घ्यावा, स्वस्त आणि छान. इंग्लंडमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलीत 80 मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये 2014 पासून 50. पण डेल्सचे रस्ते दोन्ही बाजूंना दगडी भिंती असलेले, वळणावळणाचे, एका गाडीपुरते. तिथे मर्यादेचा हिशेब करूच नये, शून्य ठेवावं. मुक्कामाचा खरा फायदा हाच : जेवून सरळ झोपायला जायचं.

सरळमार्गी
हा मुद्दा मान्य. रात्री त्या रस्त्यांवर गाडी घालण्यापेक्षा तिथेच राहिलेलं बरं. वडिलांना मी तरीही बी-अँड-बीतच नेईन, पण जेवायला पबमध्ये.

रानवाटा
@सरळमार्गी, तसं केलंत तरी त्या गावासाठी चांगलंच. पब बंद पडतायत हे इथे कुणी ठळकपणे म्हटलं नाही. सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, वाढलेलं वीजबिल, मालक कंपनीचं भाडं, आणि इमारतीचं घर करून विकलं तर मिळणारा जास्त पैसा. गावातलं दुकान गेलं, पोस्ट गेलं, बस गेली, मग शेवटी पब जातो आणि माणसांना भेटायला जागाच उरत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला संध्याकाळी कुणाशी तरी बोलायला मिळणं, ही सोय सरकार कुठल्याच खात्यातून देत नाही.

म्हणून काही गावांनी वर्गणी काढून पब विकत घेतले. कंब्रियात हेस्केट न्यूमार्केटचा ओल्ड क्राउन 2003 मध्ये गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेने घेतला, देशातला पहिला सहकारी पब म्हणून तो ओळखला जातो. स्कॉटलंडच्या नॉयडार्टमध्ये इन्व्हेरीचा ओल्ड फोर्ज आहे, तिथे रस्ताच जात नाही. मॅलेगहून बोटीने जायचं नाहीतर डोंगरातून चालत. तोही 2022 मध्ये तिथल्या लोकांनी घेतला. इंग्लंडमध्ये 2011 च्या लोकॅलिझम कायद्याखाली पब 'समाजाची मालमत्ता' म्हणून नोंदवता येतो. मग मालकाला विकायचा झाला तर गावाला पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. साखर कारखाने आणि दूध संघ उभे केलेल्या आपल्या माणसांना हे समजवावं लागू नये.

जुनाखोंड
डेल्समधलाच एक दाखला. वरच्या व्हार्फडेलमध्ये हबरहोम नावाची चिमुकली वस्ती आहे, एक चर्च आणि एक पब, जॉर्ज इन. तिथे नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी चर्चच्या मालकीच्या कुरणाचा लिलाव पबमध्ये व्हायची परंपरा आहे. मेणबत्ती लावतात, शेतकरी बोली लावत राहतात, आणि ज्योत विझते त्या क्षणी ज्याची बोली शेवटची असेल त्याला वर्षभर कुरण. येणारं भाडं गावातल्या गरजूंसाठी. त्याला 'हबरहोम पार्लमेंट' म्हणतात. ही गावकी आहे, आणि ती पबमध्ये भरते.

बर्मिंगहॅमची_सून
काय सुंदर माहिती! मी इथे राहून हे ऐकलं नव्हतं.

वळवाचा_पाऊस
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी धागा वाचून दाखवला. मेणबत्तीच्या लिलावावर बाबा बराच वेळ बोलत होते, त्यांच्या लहानपणी आमच्या गावी गायरानाचा लिलाव चावडीवर व्हायचा म्हणे. आईला चिप्सची गोष्ट कळल्यावर तिने मेतकूट आणि भाजणी बॅगेत टाकायचं ठरवलंय.

ठरलेलं असं : मंगळवार-बुधवार, तळमजल्याची अंगणातली खोली, रेल्वेने रिबलहेडपर्यंत एक दिवस, दुसऱ्या दिवशी व्हार्फडेल. जेवण साडेसहाला. एक शंका उरली : रविवारचा रोस्ट हुकतोय, तो मँचेस्टरजवळच्या एखाद्या गावात करावा का?

पोटोबा
जरूर. पीक डिस्ट्रिक्टमध्ये इडेलला जा, मँचेस्टरहून थेट गाडी आहे. पेनाइन वे जिथून सुरू होते तो ओल्ड नॅग्स हेड पब तिथेच. पण रविवारी आयत्या वेळी टेबल मिळत नाही, गुरुवारच्या आत फोन करा आणि नट रोस्ट शिल्लक ठेवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी मोजकेच करतात आणि एक वाजताच संपतात. ग्रेव्हीही वेगळी मागा, नेहमीची मांसाच्या रसाची असते.

हिशेबनीस
आणि जाण्याआधी रविवारच्या गाड्यांचं वेळापत्रक बघा, रुळांच्या कामासाठी रविवारीच बस लावतात.